चार शहरांतला बँड, एक अल्बम: महामारीनंतर रेकॉर्डिंगचा क्रम कसा लावायचा

२०२० आणि २०२१ मध्ये जॅमरूम बंद होत्या, कार्यक्रम बंद होते. बँडमधल्या प्रत्येकाने घरी हेडफोन लावून रिफ (गिटारचे छोटे तुकडे) रेकॉर्ड केले आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. त्यातून डेमोंचा ढीग साठला. पण दरम्यान ड्रमर नोकरीसाठी बंगळुरूला गेला, बेसिस्ट कोल्हापूरला घरीच राहिला, गायक पुण्यात आणि एक गिटारिस्ट परदेशात. सगळे एका खोलीत येतील असे दिवस वर्षाकाठी सात-आठ. अल्बमचं नियोजन म्हणजे मुळात हे सात-आठ दिवस कशावर खर्च करायचे ते ठरवणं. ते गाण्यांची रचना पक्की करण्यावर आणि ड्रम-बेसवर खर्च करा. बाकी सगळं घरून होतं.

आधी ढीग उपसा

सगळे डेमो एका शेअर्ड फोल्डरमध्ये आणा. प्रत्येक डेमोतून ड्रम, बेस, एकच गिटार आणि गाण्याची ओळ ठेवा, बाकी ट्रॅक म्यूट करून ऐका. एकट्याने बसून केलेल्या डेमोत एक खोड हमखास असते: थांबवणारं कुणी नसल्यामुळे थर चढत जातात आणि चाळीस ट्रॅकच्या गर्दीत कमकुवत चाल लपून राहते. ड्रम, बेस, एक गिटार आणि आवाज एवढ्यावर उभं राहत नाही ते गाणं बाजूला ठेवा. बारा निवडा, दहा रेकॉर्ड करा, आठ प्रसिद्ध करा. आठ गाण्यांची छत्तीस-अडतीस मिनिटं भरतात, आणि पुढे एलपी (विनाइल रेकॉर्ड) काढायची झाली तर ही लांबी सोयीची पडते.

यानंतर सगळ्यांनी चार दिवस जॅमरूममध्ये यायचं. घरी हळू आवाजात बेतलेलं गाणं पूर्ण आवाजात वाजवलं की त्याचा टेम्पो बहुधा चुकलेला निघतो. प्रत्येक गाणं तीन वेगांनी वाजवून पाहा: डेमोचा वेग, त्याहून ४ बीपीएम (मिनिटाला ठोके) जास्त आणि ८ बीपीएम जास्त. फोन खोलीच्या कोपऱ्यात ठेवून रेकॉर्ड करा आणि निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकून घ्या. वाजवून उठल्या-उठल्या सगळ्यांना जलद वेगच आवडतो.

पट्टीही याच चार दिवसांत ठरवा. दोन वर्षं मंचावर न गायलेला आवाज वरच्या पट्टीत लवकर थकतो. आजारानंतर कुणाचा खोकला लांबला असेल तर जास्तच, आणि अशा वेळी गायकाने आधी डॉक्टरांना दाखवावं. सलग तीन गाणी गाऊन घ्या. तिसऱ्यात वरचा सूर ओढून लावावा लागत असेल तर सगळी वाद्यं अर्धा सूर खाली ट्यून करा. गिटारं रेकॉर्ड झाल्यावर पट्टी बदलायची म्हणजे सगळं पुन्हा वाजवायचं.

इंटरनेटवरून जॅम का जमत नाही

हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. जॅमरूममध्ये तीन मीटरवर उभ्या असलेल्या बेसिस्टला ड्रम सुमारे नऊ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. हा उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या पलीकडे गेला की दोघं एकमेकांची वाट पाहू लागतात आणि गाणं मागे ओढलं जातं. साध्या व्हिडिओ कॉलवर तो याच्या कितीतरी पट असतो. शिवाय कॉलचं सॉफ्टवेअर लांबलेला गिटारचा सूर गोंगाट समजून कापतं. जॅम्युलस किंवा जॅकट्रिप यांसारखी खास सॉफ्टवेअर, दोन्हीकडे लॅनची वायर आणि ऑडिओ इंटरफेस (वाद्य किंवा माइक संगणकाला जोडणारा डबा) असतील तर पुणे-मुंबई जमू शकतं. अमेरिकेतल्या गिटारिस्टसोबत नाही जमणार. फायबरमधून प्रकाश सेकंदाला जवळपास दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे एका बाजूलाच साठेक मिलिसेकंद गेले, आणि तारा काही सरळ रेषेत जात नाहीत.

मेटॅलिकाच्या चौघांनी मे २०२० मध्ये आपापल्या घरी वाजवून आपलं एक जुनं गाणं नव्या रूपात प्रसिद्ध केलं होतं. ते जमलं, कारण गाणं तीन दशकं अंगात मुरलेलं होतं. नव्या गाण्याचा तोल एका खोलीतच सापडतो. तेव्हा व्हिडिओ कॉल बोलण्यासाठी वापरा आणि वाजवलेलं फाइलने पाठवा.

फाइलचे नियम, पहिल्याच दिवशी

सगळ्यांचं सेशन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला प्रकल्प) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पाठवायची ती वेव्ह फाइल, एमपी३ कधीच नाही. एमपी३ करताना सुरुवातीला शांततेचा छोटा तुकडा जोडला जातो आणि ट्रॅक काही मिलिसेकंद सरकतो. ऐकताना ‘काहीतरी सैल आहे’ एवढंच जाणवतं, कारण सापडत नाही. कुणी ४४.१ वर रेकॉर्ड केलेली फाइल ४८ च्या सेशनमध्ये रूपांतर न करता वाजली तर ती जलद होतेच, शिवाय जवळपास दीड सेमीटोन चढते. हे लगेच तरी कळतं. पहिलं जास्त त्रास देतं.

प्रत्येक फाइल पहिल्या बारच्या पहिल्या ठोक्यापासून बाउन्स करा (एक ऑडिओ फाइल म्हणून बाहेर काढा), मध्येच फक्त सोलो असला तरी. आधी दोन बार क्लिक (मेट्रोनोमचे ठोके) ठेवा. नावात गाण्याचा क्रमांक, टेम्पो, वाद्य, टेक आणि तारीख याच क्रमाने हवं, आणि ते रोमन लिपीत, कारण काही सॉफ्टवेअर देवनागरी नावं नीट वाचत नाहीत. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावं ग्रुपमध्ये कुणी वापरायची नाहीत.

आणखी एक तपासणी प्रत्येकाने आपल्या इंटरफेसवर एकदा करायचीच. इंटरफेसच्या आउटपुट एकमधून केबल काढून इनपुट एकमध्ये घाला. हेडफोन काढून ठेवा, मॉनिटरिंग बंद करा. सेशनमध्ये एक क्लिक वाजवा आणि तीच दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. आता दोन्ही लहरी मोठ्या करून पाहा. रेकॉर्ड झालेली क्लिक मूळ क्लिकच्या २४० सँपल मागे असेल तर ४८ किलोहर्ट्झवर ती पाच मिलिसेकंद उशिरा येते आहे. सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये तो आकडा भरा आणि दोन्ही लहरी एकावर एक येईपर्यंत पुन्हा तपासा. चौघांच्या चार इंटरफेसचे चार वेगळे उशीर एकत्र आले की चांगले वादकही कच्चे वाटतात.

आधी ड्रम, मग बाकीचं

घरून केलेल्या अल्बममध्ये सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक ही: प्रोग्राम केलेल्या ड्रमवर सगळी गिटारं पक्की वाजवून ठेवायची आणि शेवटी खरा ड्रमर बसवायचा. ड्रमर क्लिकवर वाजवतानाही स्नेअर किंचित मागे ठेवतो, कोरसमध्ये किंचित पुढे झुकतो. गिटारं आधीच मशीनला चिकटलेली असली की या झुकण्याला कुणाचीच साथ मिळत नाही. मग एडिटिंग करून ड्रमही मशीनसारखे सरळ केले जातात आणि खऱ्या ड्रमरचा खर्च वाया जातो. म्हणून ड्रमआधीचं सगळं गिटार-गायन कच्चं समजा. ते फक्त ड्रमरला गाणं कळावं एवढ्यासाठी.

स्टुडिओ तीन दिवस घ्या. पहिला अर्धा दिवस मांडणीचाच. ड्रमची वरची हेड आदल्या दिवशी बदलून ताणून ठेवा; नवी हेड काही तास सुटत राहते. किकला एक किंवा दोन माइक, स्नेअरला वर आणि खाली, प्रत्येक टॉमला एक, ड्रमच्या वर टांगलेले दोन ओव्हरहेड आणि जागा असेल तर खोलीचा एक. स्नेअरच्या मध्यावर दोरीचं एक टोक धरून दोन्ही ओव्हरहेडपर्यंतचं अंतर मोजा, ते सारखंच हवं. नाहीतर स्नेअर एका बाजूला सरकते आणि मोनोत पातळ होते. स्नेअरच्या खालच्या माइकची फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटून ऐका. ज्या स्थितीत आवाज भरीव येतो ती ठेवा.

दिवसाला चारपेक्षा जास्त गाणी धरू नका. प्रत्येकाचे तीन पूर्ण टेक घ्या आणि पुढे चला. बेसिस्टला कंट्रोलरूममध्ये डीआयवर (अँपशिवाय थेट जोडून) बसवून ड्रमरसोबतच वाजवू द्या. क्लिकवर बारीक लक्ष ठेवा: शांत भागात ड्रमरच्या हेडफोनमधली क्लिक ओव्हरहेडमध्ये शिरते, आणि गाण्याच्या शेवटी सिंबल विरत असताना तर ती स्पष्ट टकटकते. कानात घट्ट बसणारे इयरफोन वापरा आणि शेवटच्या ठोक्यानंतर क्लिक आपोआप बंद होईल अशी सेशनमध्येच कापून ठेवा. नंतर ती काढता येत नाही.

घरचं काम

गिटार थेट इंटरफेसमध्ये लावताना ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ बटण दाबा. पिकअपला सुमारे एक मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुटवर वरची धार मरते आणि ती इक्यूने परत येत नाही. पीक (आवाजाची सर्वोच्च पातळी) उणे १२ ते उणे १० डीबीच्या आसपास ठेवा. अँप सिम्युलेटरचा आवाज ऐकत वाजवा, पण पाठवताना कोरी डीआय फाइल वेगळी द्या. पुढे ती रीअँप बॉक्समधून खऱ्या अँपमध्ये सोडून पुन्हा रेकॉर्ड करता येते.

जुन्या इमारतींत अर्थिंग कच्चं असलं की ५० हर्ट्झची घूं ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा; बऱ्याचदा निम्मा त्रास तिथेच संपतो. तरी राहिली तर गिटार घेऊन खोलीत हळूहळू फिरा, एका दिशेला आवाज सर्वांत कमी होईल, तिकडे तोंड करून वाजवा. जून ते सप्टेंबर हवेतल्या दमटपणाने गिटारची मान हलते. पावसाळ्यात रेकॉर्डिंग असेल तर आधी सेटअप करून घ्या, तारा आदल्या दिवशी बदला आणि प्रत्येक टेकआधी ट्यून करा. खालच्या फ्रेटवर बरोबर आणि बाराव्या फ्रेटवर चढा लागणारा सूर मिक्सिंगमध्ये कुणीही दुरुस्त करून देणार नाही.

गायनासाठी गायकाच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगा. पाठीमागेच, कारण माइकचं तोंड तिकडे असतं आणि भिंतीवरून परतणारा आवाज तिथूनच येतो. माइक पंधरा ते वीस सेंटिमीटरवर, मध्ये पॉप फिल्टर, पंखा आणि फ्रिज बंद. एका वेळी चाळीस मिनिटं पुरे.

कागद आणि तारखा

गाणं कुणाचं, हे रेकॉर्डिंगआधी एका पानावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, प्रत्येकाचा टक्का किती, खाली सगळ्यांच्या सह्या. लॉकडाऊनमधली गाणी व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्याने जन्मली, त्यामुळे तिथे वादाला जागा जास्त. ग्रुपचा चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने त्यांचा रॉयल्टीवरचा हक्क बळकट केला आहे.

मिक्सिंगनंतर फाइल मास्टरिंगला देताना मास्टरवरचा लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं साधन) काढा. स्पॉटिफाय वाजवताना साधारण उणे १४ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आवाज आणतं, म्हणून रॉक त्या आकड्यावर मुद्दाम बारीक करायची गरज नाही. ट्रू पीक (लहरीचा खरा सर्वोच्च बिंदू) तेवढा उणे १ डीबीच्या खाली हवा. डिस्ट्रिब्यूटरकडे (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणारी कंपनी) गाणं प्रसिद्धीच्या चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पिच करायला (प्लेलिस्टसाठी सुचवायला) किमान सात दिवस हातात हवेत. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा आणि बँडच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक गाण्याला तेच ठेवा, नाहीतर दोन वेगळी कलाकार-पानं तयार होतात.

एलपी काढणार असाल तर तारीख जाहीर करण्याआधी कारखान्याकडून मुदत लेखी घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. रेकॉर्डची मूळ खाच ज्यांवर कोरतात त्या लॅकर तबकड्या जगात मुख्यतः तो आणि जपानमधला एक, असे दोघंच बनवत. त्यात महामारीत मागणी वाढली आणि रांगा महिनोन्‌महिने लांबल्या. एका बाजूला वीस मिनिटांच्या आतच भरा. लांबी वाढली की खाचा जवळ येतात आणि आवाज कमी ठेवावा लागतो. केंद्राजवळच्या खाचांत वरच्या पट्टीचा आवाज फाटतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शेवटी सिंबल कमी असलेलं, संथ गाणं घाला. टेस्ट प्रेसिंग (मुख्य छपाईआधीची नमुना तबकडी) आली की ती निदान दोन वेगवेगळ्या टर्नटेबलवर, वेगवेगळ्या घरांत ऐका. खरखर दोन्हीकडे त्याच जागी येत असेल तरच दोष तबकडीचा, आणि तेव्हाच कारखान्याला कळवा.