कुपवाडातली पहिली लीज्ड लाईन

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरीला लागलो आणि पहिल्याच महिन्यात इंटरनेटसाठी १० एमबीपीएसची लीज्ड लाईन घेण्याचं काम गळ्यात पडलं. मालक म्हणाले, "अरे, माझ्या घरी शंभर येतं. दहासाठी एवढे पैसे?" घरची लाईन शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटलेली असते. ही आपली एकट्याची, अपलोडही तेवढाच, आणि बंद पडली तर किती तासांत चालू करायची ते करारात लिहिलेलं. त्यांना हे सांगता सांगता मलाही नीट कळलं.

लाईन आली, पिंग (छोटा संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) झकास, पण ड्रॉइंगची फाईल पाठवली की रांगायची. दोन दिवस मी लाईन देणाऱ्या कंपनीशी भांडलो. चूक माझ्याच राउटरची निघाली. त्यांचा मीडिया कन्व्हर्टर (फायबर आपल्या साध्या नेटवर्क केबलला जोडणारी डबी) १०० फुल डुप्लेक्सवर, म्हणजे एकाच वेळी पाठवणं-घेणं दोन्ही, असा पक्का बांधलेला; माझा पोर्ट ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून आपलं आपण ठरवणारा. अशा वेळी ऑटोवाला पोर्ट हाफ डुप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकच दिशा, असा जाऊन बसतो आणि दोघांची टक्कर होत राहते. हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून लाईन ताब्यात घेताना आधी लॅपटॉप थेट जोडा, मोठी फाईल उतरवून बघा. सेकंदाला सव्वा मेगाबाईटच्या आसपास वेग दिसला तरच सही करा. आयपीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांचा, हिशेबही तेव्हाच करा: /३० नावाच्या गटात पत्ते चार, वापरायला दोनच, त्यातलाही एक त्यांचा.

अर्थिंग आधीच करून घ्या. फायबरवाले मामा आल्या आल्या न्यूट्रल आणि अर्थ या दोन वायरींमधलं व्होल्टेज मोजतात आणि ते जास्त भरलं की बॅग उचलून चालू लागतात. सांगली गावात ऑफिस असेल तर राउटर वगैरेचा रॅक वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९चा पूर पाहिलेल्याला कारण विचारावं लागणार नाही.

खरा फटका मात्र पुढे बसला. बॅकअप म्हणून दुसऱ्या कंपनीची लाईन घेतली आणि निवांत झालो. पावसाळ्याआधी गटारीसाठी जेसीबी लागला आणि दोन्ही लाईन एकदमच गेल्या. कंपन्या दोन, चर एकच! शेवटी दुसरी लाईन गच्चीवर खांब उभारून रेडिओवर, म्हणजे केबलशिवाय, घेतली.

आता फिजिबिलिटीला, म्हणजे लाईन देता येईल का ते बघायला, कंपनीचा माणूस आला की दराचं बोलणं नंतर. आधी त्याच्याबरोबर गेटपासून त्यांच्या चेंबरपर्यंत (केबल जोडायचा जमिनीतला खड्डा) चालत जातो आणि केबल कुठून येणार ते वहीत काढून घेतो.