जुनी एमपीएफआय गाडी: थंडीत सुरू होईना, आयडलला थरथर

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरला की जुन्या एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीतला हा दोष उघडा पडतो. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागायचा, इंजिन तापलं की गाडी एका झटक्यात सुरू. हा फरकच महत्त्वाचा: गरम असताना ठिणगी नीट पडते, म्हणून प्लग आणि कॉइल उगाच बदलू नयेत.

बॅटरी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १० च्या वर. दोन-तीनदा नुसती चावी ऑन करून इंधन पंपाला प्रेशर धरू दिलं, तरी फरक नाही. मग कूलंट टेम्परेचर सेन्सर (इंजिनातल्या थंड करणाऱ्या पाण्याचं तापमान सांगणारा) तपासला. त्याचा रेझिस्टन्स २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम, ८० ला ३०० ओहमच्या आसपास हवा. थंडीत रेझिस्टन्स वाढायला हवा. इथे गार इंजिनवरही ४०० ओहमच! ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन तापलेलं वाटतं आणि पेट्रोल कमी सुटतं. सेन्सर बदलला. (इंजिन पूर्ण गार असतानाच काढा, सांडलेलं कूलंट भरून घ्या.)

आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) होणारी थरथर मात्र वेगळ्याच कारणाने होती. गार इंजिन सुरू करून व्हॅक्यूम पाइपांवर कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारला. एका जागी आरपीएम (इंजिनचे फेरे) बदलले, म्हणजे तिथून हवा आत शिरत होती. तिथला पाइप टोकाशी तडकला होता. तो बदलून थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागातला) कार्बन साफ केला.