क्रॅश टेस्टचा अहवाल कसा वाचायचा आणि शोरूममध्ये गाडी कशी तपासायची

दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी काढायची म्हटलं की साताऱ्या-सांगलीत आता ॲव्हरेजच्या आधी ‘किती स्टार?’ असं विचारलं जातं. हा बदल फार मोलाचा आहे. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आपल्याकडच्या पाच खपाऊ छोट्या गाड्या पहिल्यांदा धडकवून पाहिल्या, तेव्हा पाचही गाड्यांच्या वाट्याला मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य स्टार आले होते. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉन ही पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. पण स्टार म्हणजे निकालपत्रावरची नुसती श्रेणी. विषयवार गुण आत असतात आणि गाडी निवडताना कामाला येतात ते तेच. अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतो. बुकिंगची रक्कम देण्याआधी तो मोबाइलवर उघडून शेजारी ठेवा.

अहवाल कुणाचा आणि कधीचा

पहिली चूक इथेच होते. वेगवेगळ्या परीक्षांचे गुण लोक एकमेकांशी ताडून बघतात. ग्लोबल एनकॅपच्या जुन्या पद्धतीत मोठ्यांच्या सुरक्षेला १७ पैकी गुण असत, कारण फक्त समोरच्या धडकेचे गुण धरले जात. नेक्सॉनचे २०१८ मधले १६.०६ गुण त्या १७ पैकी होते. २०२२ च्या मध्यापासून पद्धत कडक झाली, बाजूच्या धडकेचेही गुण धरले जाऊ लागले आणि गुण ३४ पैकी झाले. भारत एनकॅप ही आपल्या सरकारची अशीच चाचणी योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, त्यात गुण ३२ पैकी आहेत. म्हणून ‘सोळा गुण’ ऐकलं की ‘किती पैकी?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. १७ पैकी १६ मिळवून पाच स्टार घेतलेल्या गाडीला बाजूच्या धडकेत नुसतं पास व्हावं लागे, त्या धडकेचे गुण त्या सोळात नसतात.

भारत एनकॅपचं गणित असं: समोरच्या धडकेला १६, बाजूच्या धडकेला १६, एकूण ३२. लहान मुलांच्या सुरक्षेला वेगळे ४९. पाच स्टारसाठी मोठ्यांचे किमान २७ आणि मुलांचे किमान ४१ लागतात. चार स्टारसाठी २२ आणि ३५, तीनसाठी १६ आणि २७. म्हणजे काठावर २७ मिळवणारी गाडीही पाच स्टार आणि ३०.०८ मिळवणारी हॅरियरही पाच स्टार. स्टार सारखे असले तरी आतला फरक तीन गुणांचा.

दुसरी गोष्ट, वजन. समोरच्या धडकेची चाचणी ढोबळमानाने आपल्याच वजनाची गाडी समोरून आदळल्यासारखी असते. नऊशे किलोच्या छोट्या गाडीचे पाच स्टार आणि सतराशे किलोच्या एसयूव्हीचे पाच स्टार एका तराजूत घालता येत नाहीत. तुलना करायची ती एकाच वर्गातल्या गाड्यांची.

व्हेरिएंटही बघा. अहवालात निकाल कोणकोणत्या व्हेरिएंटला लागू आहे ते लिहिलेलं असतं, चाचणीचा महिना आणि वर्षही असतं. त्यानंतर मॉडेल बदललं असेल, एअरबॅगची संख्या बदलली असेल, तर जुना अहवाल नव्या गाडीला चिकटवू नका. काही गाड्यांवर भारत एनकॅपचं क्यूआर कोडचं स्टिकर असतं, ते स्कॅन करून खात्री करा.

चाचणीत नेमकं काय होतं

गाडी ताशी ६४ किलोमीटरने ॲल्युमिनियमच्या जाळीदार ठोकळ्यावर घातली जाते. पूर्ण तोंड नाही, ड्रायव्हरच्या बाजूची ४० टक्के रुंदीच आदळते. कोरेगावकडचा असो की तासगावकडचा, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरून गाडी आली की जी धडक होते, ती नेमकी ही. ६४ चा वेग ऐकायला कमी वाटतो, पण ही धडक गाडी पाचव्या मजल्यावरून खाली पडण्याइतकी असते. बाजूच्या चाचणीत ९५० किलोचा गाडा ताशी ५० ने दारावर येतो. तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर खांबाची चाचणीही द्यावी लागते. त्यात गाडी ताशी २९ ने आडवी जाऊन लोखंडी खांबावर आदळते आणि डोक्याच्या बाजूचा पडदा-एअरबॅग नसेल तर डोकं थेट खांबाला भेटतं. शिवाय ईएससी लागतं, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सरळ करणारी यंत्रणा. घाटातल्या ओल्या वळणावर आणि खंबाटकीच्या उतारावर तिचा उपयोग अपघात होण्याच्या आधीच होतो, म्हणून ईएससी नसलेलं व्हेरिएंट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

अहवालातलं चित्र बघायला शिका. माणसाच्या आकृतीवर डोकं, मान, छाती, गुडघे-मांड्या, पोटऱ्या, पावलं असे रंग भरलेले असतात. हिरवा उत्तम, पिवळा ठीक, नारिंगी काठावर, तपकिरी कमजोर, लाल वाईट. आधी डोकं आणि छाती. ड्रायव्हरची छाती पिवळी बऱ्याच गाड्यांत दिसते, नारिंगी किंवा त्याहून खाली असेल तर दुसरी गाडी बघा. गुडघ्याचा रंग हिरव्यावरून खाली उतरलेला असेल तर डॅशबोर्डमागे स्टिअरिंगचा दांडा किंवा कडक पट्टी गुडघ्याच्या वाटेत आहे असं समजा. उंच माणसाला ते जास्त लागतं.

ग्लोबल एनकॅपच्या अहवालात सांगाडा ‘स्टेबल’ की ‘अनस्टेबल’ हे शब्दात लिहिलेलं असतं. याला आमच्या मते सगळ्यात जास्त वजन द्यावं. अनस्टेबल म्हणजे ६४ लाच प्रवाशांचा पिंजरा हार मानायला लागला, याहून जास्त भार त्याला पेलणार नाही. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० ला ती ६४ च्या दीडपट होते, १०० ला जवळजवळ अडीचपट. शिरवळ ते कराड महामार्गावर काटा कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे. व्हिडिओ मिळाला तर धडकेनंतर समोरच्या काचेशेजारचा खांब बघा. तो सरळ राहिला आणि ड्रायव्हरचं दार हाताने उघडलं, तर पिंजरा टिकला. खांब वाकून दाराच्या वरच्या कडेला घडी पडली असेल, तर टिकला नाही.

शोरूममध्ये वीस मिनिटं

बोनेट उघडून बघायच्या आधी मागच्या सीटवर बसा. पाचही जागांना खांद्यावरून येणारा तीन टोकांचा पट्टा आहे का? मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असेल तर तिथे बसणाऱ्याचं डोकं मोकळंच राहतं. प्रत्येक पट्टा हळू ओढा, मग एकदम हिसका द्या. हिसक्याला तो जागच्या जागी अडला पाहिजे. हेडरेस्ट वर ओढून बघा, त्याची वरची कड निदान कानाच्या वर यायला हवी. मागून ठोकर बसते तेव्हा मान वाचवतो तो हाच भाग.

घरात लहान मूल असेल तर पुढचं जास्त महत्त्वाचं. मागच्या सीटची बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या फटीत बोटं घाला. आत सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी सळई बोटाला लागली पाहिजे, तिच्यापासून २८ सेंटिमीटरवर दुसरी. या आयसोफिक्सच्या कड्या, लहान मुलाची वेगळी सीट (चाइल्ड सीट) थेट गाडीला अडकवायच्या. मग सीटच्या पाठीमागे किंवा डिकीत चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवायचा हूक शोधा. बऱ्याच शोरूममध्ये तो कुठे आहे हे विचारलं की शोधाशोध सुरू होते, म्हणून स्वतःच शोधा. मुलांच्या ४९ गुणांपैकी २४ धडकेचे, १२ चाइल्ड सीट नीट बसण्याचे आणि १३ गाडीतल्या सोयींचे असतात. या शेवटच्या १३ मधले बरेचसे तुम्ही असे हाताने तपासू शकता. पुढच्या डाव्या सीटची एअरबॅग बंद करायचा स्विच आहे का हेही बघा, तो साधारण ग्लोव्ह बॉक्सजवळ किंवा डॅशबोर्डच्या डाव्या कडेला असतो.

चाचणीतले दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे डमी, म्हणजे पुतळे, चाइल्ड सीटमध्ये बसवलेले असतात, आईच्या मांडीवर नाही. धडकेत शरीराचं वजन क्षणभर वीस-तीस पट होतं. दहा किलोचं बाळ दोनशे-तीनशे किलोचं होतं आणि कुठल्याही आईच्या हातात तेवढी ताकद नसते. सव्वा वर्षाच्या आतलं मूल मागे तोंड करूनच बसवा, शक्य तितकं पुढेही तसंच ठेवा, कारण त्या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. चालू एअरबॅगच्या समोर मागे तोंड केलेली चाइल्ड सीट कधीही लावू नका. पट्ट्याने सीट बांधत असाल तर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. एका इंचाहून जास्त हलली तर गुडघा टेकवून दाबा आणि पट्टा पुन्हा ओढा.

स्टार मिळाले ते पट्टा लावलेल्या डमीला

पट्टा कसा लावायचा हे कुणी सांगत नाही. कमरेचा भाग पोटावर नको, खाली ओटीपोटाच्या दोन्ही हाडांवर घट्ट बसला पाहिजे. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. वरचा भाग खांद्याच्या हाडाच्या मधून छातीवर यावा, काखेतून नाही. शाल, जाड स्वेटर, घोळ झालेला पदर पट्ट्याखाली असेल तर ती सगळी ढिलाई धडकेत उघडी पडते. सीट मागे रेलून झोपू नका, शरीर पट्ट्याखालून सरकतं आणि कमरेचा पट्टा पोटात घुसतो. ड्रायव्हरच्या छातीपासून स्टिअरिंगपर्यंत वीतभर आणि वर दोन बोटं, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवा. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, तिला तेवढी जागा लागते.

मागे बसणाऱ्यांनाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे. पण खरा मुद्दा दंडाचा नाही. मागचा माणूस मोकळा असेल तर तो पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्याचा पट्टा, एअरबॅग दोन्ही निकामी करतो. डिकीतली गुळाची ढेप आणि सीटवरचा पाण्याचा जारही तेच करतात. जड सामान डिकीत खाली, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा.

जे चाचणीत नसतं

गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि ऊस वाहणाऱ्या अंगद गाड्या रस्त्यावर असतात, पुष्कळदा मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या. कुठल्याही एनकॅपची धडक यासारखी नसते. चाचणीतला ठोकळा बंपरच्या उंचीवर असतो, त्यामुळे बंपरमागच्या चेमटणाऱ्या नळ्या धक्का शोषतात आणि सेन्सरला धडक वेळेवर कळते. ट्रॉलीची मागची कड आणि बाहेर आलेला ऊस बोनेटच्या वरून थेट काचेवर येतो. नळ्यांना काम मिळत नाही, एअरबॅग उशिरा फुगते किंवा फुगतच नाही. पाच स्टारचा इथे भरवसा धरू नका. या महिन्यांत रात्री वेग इतका ठेवा की लो बीमच्या उजेडात दिसतं तेवढ्या अंतरात गाडी थांबेल. साधारण ५० च्या आत. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात तेव्हा आणखी कमी.

गाडी उलटण्याची धडक चाचणीही नसते. बाहेरून बसवलेली सीएनजी टाकी, छतावरचा कॅरिअर यांचं वजनही चाचणीत धरलेलं नसतं.

मिळालेले स्टार कशाने जातात

बुलगार्ड, म्हणजे बंपरपुढे लावलेला लोखंडी पाइप, पहिल्या नंबरला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरातच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. चॅसिसला थेट बोल्ट केलेला पाइप चेमटणाऱ्या नळ्यांना बगल देऊन धक्का आत पाठवतो, आणि पायी चालणाऱ्याला तर तो पहारीसारखा लागतो.

सीटकव्हर शिवून घेताना पुढच्या सीटची बाहेरची कड बघा. तिथे ‘एअरबॅग’ असं शिवलेलं लेबल असेल तर बाजूची एअरबॅग त्या शिवणीतून फुटून बाहेर येते. सलग कव्हर तिला कोंडतं. तिथे उसवणारी शिवण असलेलं कव्हरच घ्या, नाहीतर कव्हर नको. डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली गणपतीची किंवा विठ्ठलाची मूर्ती धडकेत दगडासारखी उडते. देवाला डॅशबोर्डच्या मध्यभागी, झाकणापासून दूर बसवा, तेही हलक्या मूर्तीला. बेल्टचा अलार्म बंद करणाऱ्या क्लिपा विकायला २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मनाई केली, गाडीत असेल तर काढून टाका.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा लागूनच राहिला, दोन्ही वाईट. टेप किंवा कॅमेरा बसवताना पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना हात लावू देऊ नका, त्या एअरबॅगच्या असतात.

जुनी किंवा अपघातातून दुरुस्त झालेली गाडी असेल तर पुढचे पट्टे पूर्ण बाहेर ओढा. मळक्या रेषा, विरलेले धागे, आळसावून परत जाणारा पट्टा, अडकलेलं बकल ही सगळी लक्षणं आधी मोठा धक्का बसल्याची असू शकतात. धडकेत पट्टा आवळणारी यंत्रणा एकदाच उडते, पुन्हा वापरता येत नाही. बोनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर पान्हा लागलेला आहे. काचेशेजारचा खांब तापवून, ठोकून सरळ केलेला असेल तर ती गाडी सोडून द्या. उच्च ताकदीचं पोलाद तापवलं की त्याची ताकद जाते आणि वरून रंग कितीही चकचकीत असला तरी ती परत येत नाही. तुमचीच गाडी दुरुस्तीला असेल तर बिलात एअरबॅग, पट्टे आणि एअरबॅगचं कंट्रोल युनिट या ओळी स्वतंत्र मागा, आणि काढलेले जुने भाग गाडी ताब्यात घेण्याआधी डोळ्यांनी बघा.