फ्लॅटहेड व्ही-८ चे हेड तासण्यापूर्वी

दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या हॉट रॉड (वेगासाठी बदललेल्या गाड्यांच्या) इंजिनांचे काम शिकायला येणाऱ्या नवख्याच्या हाती लवकरच फोर्ड फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारे झाकण, येते, आणि त्याचे साधे रूप पाहून तो निर्धास्त होतो. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात) असल्याने या हेडात गाइड, सीट, रॉकर या व्हॉल्व्हच्या भागांपैकी काहीच नसते. १९३२ मध्ये ६५ अश्वशक्तीच्या या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातले मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, ५.५ च्या आसपास होते. १९४९ च्या २३९ घनइंची इंजिनात ते ६.८ झाले. ते आठवर न्यावे ही गिऱ्हाइकाची नेहमीची मागणी असते, आणि हेड सरळ तासून ती पुरी करता येते ही समजूत फार घातक आहे.

ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या, म्हणजे हेडातच व्हॉल्व्ह असलेल्या, व्ही-८ मध्ये हेड तासले की इनटेक मॅनिफोल्ड (मिश्रण आत नेणाऱ्या वाटांचा भाग) नीट बसेनासे होते, त्यामुळे माणूस आपोआप सावध राहतो. फ्लॅटहेडचे मॅनिफोल्ड ब्लॉकवर बसते. म्हणून हेड प्रमाणाबाहेर तासले तरी बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नाही. बिघडते ते आत. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ४९० घनसेंटिमीटर धरले, तर पिस्टन वरच्या टोकाला असताना ६.८ साठी साधारण ८४.५ आणि आठसाठी ७० घनसेंटिमीटर जागा उरली पाहिजे. कमी करायचे ते साडेचौदा घनसेंटिमीटर नेमके कोठून जाणार, हा खरा प्रश्न आहे. सरळ कट घेतला की पिस्टनवरची फट, व्हॉल्व्हच्या डोक्यावरची मोकळीक आणि व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी वाट या तिन्हींची उंची सारखीच घटते. ही वाट अरुंद झाली की कागदावरचा आकडा वाढतो, पण इंजिनाचा श्वास कोंडतो; त्यात व्हॉल्व्हला जास्त उचल देणारा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल, तर व्हॉल्व्ह हेडवर आपटतो. हे अंगवळणी पडायला मला फार वेळ लागला, आणि अजूनही अनोळखी हेड टेबलावर आले की पोटात गोळा येतो.

म्हणून कटर लावण्यापूर्वी पिस्टनवर व व्हॉल्व्हवर मऊ क्ले ठेवावी, दाबलेली जुनी गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला पातळ थर) घालून हेड आवळावे, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावी आणि मग क्ले कापून तिची जाडी मोजावी. पिस्टनवर ४० ते ५० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट राहिली पाहिजे; व्हॉल्व्हवर पूर्ण उचलीच्या वेळी मी ५० पेक्षा कमी ठेवत नाही. कट घेतल्यावर पिस्टनवरची फट अपुरी राहणार असेल, तर हेडातील पिस्टनवरचा घुमट पुन्हा कोरावा लागतो, आणि त्या कोरण्याने वाढणारे घनफळही हिशेबात धरावे लागते. कॅम कोणता आहे हे न विचारता “काढ साठ थाऊ” असे सांगणाऱ्या उस्तादाचा अनुभव कितीही मोठा असो, त्याचे ऐकू नये. माझे मत असे, की आठच्या पुढे जायचे असेल तर मूळ हेड कुरतडत बसण्यापेक्षा एडेलब्रॉक किंवा ऑफनहाउझरसारखी त्यासाठीच घडवलेली ॲल्युमिनियमची हेडे घ्यावीत.

बाकीचे काम हाताला लवकर बसते, त्याची धास्ती नको. जुन्या ॲल्युमिनियमच्या हेडात पाण्याच्या भोकांभोवती धातू खाल्लेला असेल, तर आधी वेल्डिंग भरावे आणि मगच फेस, म्हणजे ब्लॉकवर टेकणारी सपाट बाजू, मारावा. हेडाची पाठ ओतीव व ओबडधोबड असते, त्यामुळे ते तीन बिंदूंवर टेकवावे, डायल (उंचसखलपणा दाखवणारे मापक) फेसवरच फिरवून सरळ करावे आणि क्लॅम्प हलकेच आवळावे. जोराने आवळलेले हेड क्लॅम्प सोडताच वाकते. बेल्ट सँडरने चकचकीत केलेला फेस सपाट असतोच असे नाही, मग वेळ कितीही वाचो.

शेवटी ब्युरेट (खुणा असलेली मापनळी) आणि ॲक्रिलिकच्या पट्टीने आठही ज्वलनकक्षांचे घनफळ मोजावे. लहान कक्ष घासून मोठ्याइतका करता येतो, मोठा कक्ष लहान करता येत नाही. त्यामुळे सर्वांत मोठ्या कक्षाचा आकडा समोर ठेवूनच शेवटच्या कटाची खोली ठरवावी.