रानातल्या जमिनीवर ट्रेलरमध्ये राहायचंय? अमेरिकेत जमीन घेण्याआधी काय तपासावं

जमीन स्वतःची, ट्रेलर स्वतःचा, तरी त्यात बारा महिने राहायला काउंटी (जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) मनाई करू शकते. गावाबाहेर पाच-दहा एकर घेऊन, त्यावर आरव्ही (चाकांवरचं फिरतं घर, ट्रेलरही त्यातलाच) लावून घरभाडं वाचवायचा बेत करणारे इथेच अडकतात, आणि तेही पैसे भरून झाल्यावर. जाहिरातीत ‘आरव्ही चालेल’ असं लिहिलेलं असतं. पण चालेल म्हणजे नुसता उभा करून ठेवायला, सुट्टीत आठ दिवस उतरायला, की कायम राहायला? काउंटीच्या लेखी हे तीन वेगळे वापर आहेत. उभा ठेवणं बऱ्याच ठिकाणी चालतं (कुठे कुठे तेही त्या जागेवर आधी घर असेल तरच). मुक्कामाला दिवसांची मर्यादा असते. कायम राहण्याला मात्र बहुतेक ग्रामीण झोनमध्ये (वापर ठरवून दिलेल्या पट्ट्यांत) नकार.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची इथे हमखास फसगत होते. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं. इथे तो दाखला कोणी मागत नाही, खरेदी पटकन उरकते आणि आता सगळं मार्गी लागलं असं वाटतं. पण सातबारा बघून जमीन कोणत्या झोनमध्ये आहे ते कळत नाही, नगररचनेकडून झोन दाखला वेगळा काढावा लागतो. इथल्या डीडचंही (खरेदीखताचंही) तेच. डीड मालकी सांगतं, वापराबद्दल अवाक्षर काढत नाही.

नियम कोणाचा

देशभर लागू असा एकच झोनिंग कायदा अमेरिकेत नाही. झोनिंग घटनेला धरून आहे हे सुप्रीम कोर्टाने १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात मान्य केलं, पण ते करायचं की नाही आणि कसं करायचं हे राज्य ठरवतं आणि पुढे शहरांवर, काउंट्यांवर सोपवतं. म्हणून ‘अमुक राज्यात चालतं’ या ऐकीव माहितीला फारशी किंमत नाही. काउंटीची हद्द ओलांडली की नियम बदलतो.

दोन टोकं बघा. टेक्ससमध्ये काउंट्यांना सर्वसाधारण झोनिंगचा अधिकारच नाही, त्यामुळे शहराच्या हद्दीबाहेर झोनिंगची आडकाठी सहसा येत नाही. ओरेगनमध्ये १९७३ पासून राज्यभर जमीनवापराचं नियोजन आहे आणि शेतीसाठी राखलेल्या झोनमध्ये साधं घर बांधायलाही घाम फुटतो. तिथे उत्तम प्रतीच्या शेतजमिनीवर उत्पन्नाच्या निकषावर घर मागायचं, तर त्या शेतीतून वर्षाला किमान ८०,००० डॉलर ढोबळ उत्पन्न दाखवावं लागतं, तेही लागोपाठ दोन वर्षं किंवा पाचांपैकी तीन. जिथे घराची ही कथा, तिथे ट्रेलरचं काय?

टेक्ससमधल्यांनीही निर्धास्त राहू नये. प्लॉट पाडून विकलेल्या जमिनीवर मूळ विकासकाने अटी नोंदवलेल्या असतात: ट्रेलर नको, मोबाइल होम (कारखान्यात बनवून आणलेलं घर) नको, घर किमान इतक्या चौरस फुटांचं हवं. या अटींशी काउंटीला देणंघेणं नसतं. शेजारी किंवा प्लॉटधारकांची संघटना कोर्टात जाते. मालकी तपासणाऱ्या टायटल कंपनीच्या प्राथमिक अहवालात ‘एक्सेप्शन्स’ नावाची यादी असते, तिच्यात या कागदांचे नोंदणी क्रमांक सापडतात. यादीवर नजर टाकून थांबू नका, प्रत्येक क्रमांकाची प्रत मागवून वाचा.

ट्रेलरवरची पाटी

काउंटीचा माणूस ट्रेलर केवढा, किती महाग, हे बघत नाही. तो पाटी शोधतो. १५ जून १९७६ नंतर कारखान्यात बनलेल्या मॅन्युफॅक्चर्ड होमला केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे ‘हड’च्या मानकाची लाल धातूची पट्टी बाहेरून ठोकलेली असते. घर दोन भागांत आलं असेल तर प्रत्येक भागाला एक. हे कायद्याने राहण्याचं घर आहे आणि ग्रामीण झोनमध्ये ते बऱ्याचदा मान्य होतं. पट्टी रंगवून झाकली किंवा काढून टाकली असेल तर वापरलेलं मॅन्युफॅक्चर्ड होम घेऊ नका, निदान आतला माहितीचा कागद तरी जागेवर असल्याची खात्री करा. १९७६ आधीचं मोबाइल होम स्वस्तात मिळतं ते याच कारणाने: ते काउंटीत आणून बसवायला अनेक ठिकाणी बंदी आहे.

आरव्हीचं मानक वेगळं. ‘हड’च्या जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमात आरव्हीची व्याख्याच अशी आहे की ती फक्त पर्यटनासाठी बनवलेली, मुख्य निवास किंवा कायम वास्तव्यासाठी नव्हे. ‘हड’ने आरव्हीत राहायला बंदी घातली असा याचा अर्थ नाही, तो निर्णय स्थानिकच असतो. पण काउंटीला नकार लिहायला हे वाक्य आयतं मिळतं. पार्क मॉडेल हा ४०० चौरस फुटांपर्यंतचा प्रकार दिसायला अगदी घरासारखा, ओसरीसकट, तरी कागदोपत्री आरव्हीच. विक्रेता त्याला ‘छोटं घर’ म्हणतो, तिकडे लक्ष देऊ नका.

चाकांवरच्या टायनी हाउसचा (चिमुकल्या घराचा) घोळ आणखी वेगळा. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेत टायनी हाउससाठी परिशिष्ट क्यू आलं: माळा सोडून ४०० चौरस फुटांपर्यंत, राहत्या जागेत छताची उंची किमान ६ फूट ८ इंच. पण परिशिष्ट आपोआप लागू होत नाही, राज्याने किंवा काउंटीने ते स्वीकारावं लागतं. शिवाय ते धरून चालतं पायावर बसवलेलं घर. चाकं तशीच ठेवायची आणि घर म्हणून मान्यताही हवी, हे सहसा जमत नाही.

विचारायचं कसं

काउंटीच्या असेसरच्या (करआकारणी अधिकाऱ्याच्या) नकाशावरून पार्सल नंबर (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) घ्या, मग प्लॅनिंग खात्याच्या नकाशावर झोन बघा. नियमावली उघडली की थेट परवानगीच्या तक्त्यावर उडी मारू नका, आधी व्याख्या वाचा: ‘ड्वेलिंग’, ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, ‘कॅम्पिंग’, ‘टेम्पररी यूज’. निम्मे निर्णय व्याख्येतच झालेले असतात. तक्त्यात आरव्हीचं नाव नाही म्हणून मोकळीक आहे असं समजणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. बहुतेक नियमावल्यांत यादीत जे नाही ते निषिद्ध धरतात.

मग प्लॅनिंग खात्याला ईमेल करा, फोन नको. काउंटरवरच्या माणसाने तोंडी ‘हो’ म्हटलं तर पुढे ते काउंटीला बांधत नाही. ईमेलमध्ये पार्सल नंबर लिहा आणि प्रश्न मोजके ठेवा. या पार्सलवर आरव्ही वर्षातले किती दिवस वापरता येतो, आणि दिवस सलग मोजतात की एकूण? घराचं बांधकाम चालू असताना आरव्हीत राहायचा तात्पुरता परवाना मिळतो का, किती मुदतीचा? सांडपाण्याची कोणती सोय मान्य आहे? प्रत्येक उत्तराला नियमाचं कलम मागा. ‘आम्ही तिथे राहायला येणार, चालेल ना?’ असं मोघम विचारलं की उत्तरही तसंच मोघम येतं.

जमीन पूरक्षेत्रात येते का, हे ‘फेमा’च्या (केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नकाशावर त्याच दिवशी बघून घ्या. राष्ट्रीय पूरविमा योजनेत असलेल्या काउंटीत पूरक्षेत्रातली आरव्ही सलग १८० दिवसांपेक्षा कमी काळ उभी असावी लागते, किंवा नोंदणी चालू, चाकांवर आणि केव्हाही रस्त्यावर नेण्याजोगी असावी लागते, नाहीतर मॅन्युफॅक्चर्ड होमसारखी उंचावून जमिनीला पक्की जखडावी लागते. तिला पक्की ओसरी जोडली की ही दुसरी सवलत गेली.

खरी अडचण मैलापाण्याची

झोनिंगमधून वाट निघाली तरी बेत मोडतो तो सेप्टिकवर (मैलापाण्याची टाकी आणि ते जमिनीत मुरवायचे चर). पाच एकर म्हणजे आपल्या हिशेबाने दोनशे गुंठे, एवढ्या जागेत एक शोषखड्डा बसणार नाही का? जागा असते, माती साथ देत नाही.

तपासणीत बॅकहोने, म्हणजे आपल्या जेसीबीने, खड्डे घेतात आणि मातीचे थर बघतात. खड्ड्याच्या भिंतीत राखाडी मातीवर गंजाच्या रंगाचे ठिपके दिसले की तपासनीस तिथे टेप लावतो: वर्षातल्या ओल्या महिन्यांत भूजल तिथवर चढतं याची ती खूण. उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठाक असला तरी फरक पडत नाही. जिथे पर्क टेस्ट (पाणी मुरण्याची चाचणी) घेतात तिथे खड्ड्यात पाणी भरून माती आधी भिजवतात आणि मग पातळी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजतात. साध्या सेप्टिकसाठी साधारण १ ते ६० मिनिटांचा पट्टा बऱ्याच ठिकाणी धरतात. त्याहून जलद म्हणजे वाळू-खडी, मैलापाणी न गाळताच भूजलात जाणार. त्याहून सावकाश म्हणजे चिकणमाती, पाणी वर येणार. मग मातीचा उंचवटा करून पंपाने चढवायची व्यवस्था लागते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. विहिरीपासून शोषचराचं अंतर बहुतेक ठिकाणी १०० फूट लागतं. त्यात शेजाऱ्याची विहीरही धरतात.

यात एक पेच आहे. सेप्टिकचा आकार घरातल्या बेडरूमवरून ठरतो. आरव्ही हे घरच नाही, म्हणून नुसत्या आरव्हीसाठी सेप्टिकचा परवाना काही काउंट्या देत नाहीत, आणि सेप्टिकशिवाय राहू देत नाहीत. यावर उपाय म्हणजे पुढे बांधायच्या घराच्या नकाशावर, समजा दोन बेडरूम धरून, सेप्टिकचा अर्ज करायचा आणि आरव्हीला त्यावर तात्पुरती जोडणी मागायची. टेक्ससमध्ये १० एकर किंवा मोठ्या जागेवर एकाच कुटुंबाच्या घराला, व्यवस्था हद्दीपासून १०० फूट आत असेल तर, राज्याच्या नियमात परवान्यातून सूट आहे. पण स्थानिक नियम त्याहून कडक असू शकतो, आणि उपद्रव झाला तर सूट कामाची नाही.

जोडणी मिळाली की मैल्याच्या टाकीची झडप उघडी ठेवून देऊ नका. पाणी वाहून जातं, घट्ट मैला खाली साचून त्याचा ढीग वाळतो आणि तो फोडायला पुढे टाकीच उतरवावी लागते. टाकी दोन-तृतीयांश भरू द्या, झडप उघडा, मग अंघोळी-भांड्यांच्या पाण्याची टाकी सोडून पाइप धुऊन काढा. फॉर्माल्डिहाइड असलेलं टॉयलेट रसायन सेप्टिकमध्ये सोडू नका, मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. आणि अंघोळीचं पाणी झाडांना सोडलं तर काय बिघडतं, असं वाटलं तरी बऱ्याच ठिकाणी त्यालाही परवाना लागतो.

तात्पुरत्या वाटा

कायदेशीर वाट बहुतेकदा बांधकामातूनच जाते. क्रम उलटा करू नका. आधी सेप्टिकची माती-तपासणी, मग रस्त्याला जोडणी आणि पत्ता, मग घराचा बांधकाम परवाना, त्यावर आरव्हीचा तात्पुरता परवाना, विजेचा खांब, आणि सगळ्यांत शेवटी ट्रेलर. पत्ता नसेल तर वीज कंपनी सहसा मीटर देत नाही. आतल्या वाटेवर अग्निशमनाचा बंब शिरायला हवा: आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत रुंदी २० फूट आणि वरची मोकळी उंची १३ फूट ६ इंच आहे. एकट्या घराच्या वाटेला रुंदीत काही काउंट्या सूट देतात, ती विचारून घ्या.

बांधकाम परवाना नुसता काढून ठेवून आरव्हीत आरामात राहायची युक्ती टिकत नाही. १८० दिवसांत काम सुरू झालं नाही, किंवा मध्येच तेवढे दिवस बंद पडलं, की परवाना बाद होतो आणि त्याच्या आधारावरचा आरव्हीचा परवानाही जातो. दर काही महिन्यांनी एखादी तपासणी करून घ्यावी. ओरेगनमध्ये दुसरी वाट आहे ती आजारपणाची. जागेवर घर आहे आणि घरच्या माणसाला किंवा नातेवाइकाला सांभाळायचं आहे, तर अडचण असेपर्यंत आरव्ही ठेवता येते, दर दोन वर्षांनी फेरतपासणी होते आणि अडचण संपल्यावर तीन महिन्यांत ती हलवावी लागते. ‘व्हेरियन्स’ (नियमातून खास सूट) मागण्यात वेळ घालवू नका. तिथे अडचण जमिनीची दाखवावी लागते (तीव्र उतार, विचित्र आकार), मालकाच्या खिशाची नव्हे.

जमिनीचा करार करताना सेप्टिकची मंजुरी आणि काउंटीचं लेखी उत्तर या दोन अटी घाला, मुदत ३० ते ६० दिवसांची ठेवा. विकणारा या अटींना तयार नसेल, तर माती आधीच नापास झालेली असण्याची शक्यता धरा आणि काउंटीच्या आरोग्य खात्यात त्या पार्सलच्या नावावर जुना नकार आहे का ते विचारा. हे अभिलेख सहसा मागितले की मिळतात.

नोटीस आली तर

बहुतेक काउंट्या स्वतःहून शोधत फिरत नाहीत, तक्रारीवरून येतात. तक्रार करतो शेजारी, आणि निमित्त असतं जनरेटरचा आवाज, कचरा किंवा वास. नोटिशीत कलम, दुरुस्तीची मुदत आणि अपिलाची तारीख असते. अपिलाची मुदत फार थोडी असते, ती आधी बघा. मुदत संपायच्या आत खात्याला लिहून काय करणार आणि कधीपर्यंत, याचं वेळापत्रक द्या: सेप्टिकचा अर्ज या तारखेला, बांधकाम परवाना त्या तारखेला. असं लेखी वेळापत्रक दिलं की मुदतवाढ मिळण्याची शक्यता बरीच वाढते. गप्प बसलं तर दंड दर दिवसाचा चालू होतो आणि न भरलेली रक्कम जमिनीवर बोजा म्हणून चढू शकते. ट्रेलर दहा दिवस बाहेर नेऊन परत आणल्याने मोजणी नव्याने सुरू होते की नाही, हे मात्र त्या काउंटीच्या नियमात ‘सलग’ लिहिलंय की ‘वर्षभरात एकूण’, यावर ठरतं.