‘काल’ आला की ‘हॅव’ काढा

लातूरला माझ्या शिकवणीला औसा, निलंगा, रेणापूरकडची लेकरं येतात. प्रेझेंट परफेक्टची, म्हणजे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लावून होणाऱ्या काळाची, व्याख्या तोंडपाठ असते, तरी वहीत ‘इट हॅज रेन्ड यस्टरडे’ सापडतंच. याचं कारण आपल्या बोलण्यात आहे. ‘काल रेणापूरला चांगला पाऊस झालाय’ हे मराठीत अगदी बरोबर. आपलं ‘झालाय’ काल, परवा, गेल्या साली, सगळ्यांशी जमवून घेतं. इंग्रजीतलं ‘हॅव’ संपलेल्या वेळेबरोबर चालत नाही.

म्हणून वाक्यात आधी ‘कधी’ शोधा. यस्टरडे, लास्ट इयर, टू डेज अगो, इन १९९३ असं काही दिसलं की सिंपल पास्ट, म्हणजे साधा भूतकाळ: ‘द अर्थक्वेक स्ट्रक किल्लारी इन १९९३.’ ‘व्हेन’नं विचारलेल्या प्रश्नालाही तेच. ‘व्हेन डिड यू कम?’ म्हणा, ‘व्हेन हॅव यू कम?’ चूक. कधी कधी साल लिहिलेलं नसतं, पण काळ संपलेला असतो: ‘संत एकनाथ लिव्ह्ड इन पैठण.’ इथे ‘हॅज लिव्ह्ड’ लिहिलंत तर एकनाथ महाराज आजही हयात आहेत असा अर्थ निघेल.

‘कधी’ सापडलंच नाही, तर गोष्ट आजपर्यंत पोचते का ते बघा. ‘द मांजरा डॅम हॅज फिल्ड अप’ म्हणजे धरण आत्ता भरलेलं आहे. ‘फिल्ड अप इन सप्टेंबर’ म्हटलं की सप्टेंबरात भरलं एवढंच कळतं, आज पाणी किती ते नाही.

‘इन’ आणि ‘सिन्स’मध्ये पोरं हमखास अडकतात. ही जोडी पाठच करा: ‘मराठवाडा बिकेम पार्ट ऑफ महाराष्ट्र इन १९६०.’ ‘इट हॅज बीन पार्ट ऑफ महाराष्ट्र सिन्स १९६०.’ साल एकच. पहिल्या वाक्यात घटना घडून गेली, दुसऱ्यातली स्थिती आजही चालू आहे.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी हे नीट घोटून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. ‘हॅव यू वर्क्ड ऑन टॅली?’ (टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर) असं विचारलं तर आधी ‘येस, आय हॅव’ म्हणा, कारण प्रश्न अनुभवाचा आहे. मग तपशील सिंपल पास्टमध्ये: ‘आय डिड द अकाउंट्स ॲट अ ग्रेन ट्रेडर्स शॉप इन लातूर फ्रॉम २०२१ टू २०२३.’ त्याच आडतीवर अजून कामाला असाल तर ‘आय हॅव वर्क्ड देअर सिन्स २०२१’ म्हणा. नुसतं ‘आय वर्क्ड देअर’ म्हणालात तर समोरचा समजतो, काम सुटलंय, आणि पुढचा प्रश्न येतो: का सोडलं?

जस्ट, ऑलरेडी, येट यांच्याबरोबर अमेरिकन माणसं सिंपल पास्टही वापरतात. सिनेमात ‘आय ऑलरेडी एट’ ऐकू आलं तर गोंधळू नका. परीक्षेत मात्र ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ लिहा.