चर्चमधे मुहलेनबर्गवर पाच मिनिटं बोलायचंय? असं करा भो

भुसावळ, जळगावकडं नाताळच्या कार्यक्रमात विल्यम ऑगस्टस मुहलेनबर्ग या अमेरिकन पाळकावर बोलायचं असलं तर जन्म १७९६ फिलाडेल्फिया, मृत्यू १८७७ न्यूयॉर्क एवढं एका दमात उरकून टाका, नुसत्या तारखा ऐकून लोकं जांभया देतात. खरा वेळ शाळेला द्या, १८२८ मधे न्यूयॉर्कजवळ फ्लशिंगला या एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन परंपरेच्या चर्चच्या) पाळकानं मुलांची बोर्डिंग शाळा काढली आणि पुढं तिकडच्या कितीतरी चर्च-शाळांनी तिचाच कित्ता गिरवला. नंतर न्यूयॉर्कातलं त्यांचं चर्च, तिथं बाकाचं भाडं नव्हतं, म्हणजे पैसे भरून जागा राखायची भानगड नाही, त्या काळात ही लई मोठी गोष्ट (आपल्याकडं पहिली रांग पुढाऱ्यांची, असो). त्यांनी न्यूयॉर्कात उभं केलेलं सेंट ल्यूक हॉस्पिटल पण सांगा. त्यांनी लिहिलेली भक्तिगीतं शेवटी घ्या, पेटीवाल्याला पट्टी आधीच सांगून ठेवा.